टाकी ते टाकी

"किती देत्या?"
उद्यमनगरात गाडी लावली की पहिला प्रश्न हाच.
रंग कुणी विचारत नाही.
पेट्रोल आहे म्हटलं की सदलगे कपाळाला हात लावतो,
"हत्ती पाळलास रं."

शोरूमच्या पोरानं सांगितलेलं, अठरा पूर्णांक सहा.
इतक्या सरळ चेहऱ्यानं, की मी त्याला दोष देत नाही.
तो आकडा कुठल्यातरी बंद खोलीतून आला असणार,
जिथं चाकं रोलरवर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही,
वारा नाही, चढ नाही, मेहुण्या नाहीत.

मी तीस वर्षं लेथवर उभा आहे.
बुश दहा मायक्रॉन जास्त कापलं गेलं
तर भंगारात टाकतो, गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाही.
त्यामुळं डॅशबोर्ड तेरा नऊ म्हणाला
तरी मी वहीचं ऐकतो.
वही म्हणते, अकरा चार.

वही प्रांजलची, दहावीतली, अर्धी कोरी राहिलेली.
पुढून तिची समीकरणं, मागून माझं पेट्रोल.
पंप तोच, नोजल तेच, सकाळी सात.
पहिल्या 'टक'ला इलाही हात काढतो.
राउंड फिगर करू का, असं तो आता विचारत नाही.

राजारामपुरी ते मंडई आणि परत: आठ एक.
इंजिन तापायच्या आत मेथी घरात.
जोतिबाचा डोंगर, सासूबाई, दोन मेहुण्या, नारळाचं पोतं,
दुसरा गियर, एसी बंद करायला कुणी तयार नाही: सात सहा.
उतरताना देव थोडं परत देतो,
सगळं नाही.
गगनबावडा, धुक्यात: नऊ नऊ.

एक नोंद आहे रंकाळ्याची.
वैजयंता शेजारी, काचा वर, इंजिन चालू,
पोरीला पुण्याला पाठवायची का नाही,
चाळीस मिनिटं.
किलोमीटर शून्य. पेट्रोल अर्धा लिटर, थोडं वरच.
शून्याला कशानंही भागा, शून्यच येतं.
मी तारीख लिहिली आणि पुढचा रकाना मोकळा सोडला.

मग जूनमध्ये गादी, कुकर, पुस्तकांची ट्रंक,
एक टेबलफॅन जो तिच्या मांडीवरच बसला.
शिरोलीचा पूल, किणीचा टोल, कराड,
खंबाटकीत गाडी कण्हली.
बारा आठ.

निघताना टाकी अर्धी होती. कोल्हापूर आरामात गाठलं असतं.
तरी मी हॉस्टेलसमोरच्या पंपावर वळलो,
परका पंप, परकं नोजल,
आयुष्यात पहिल्यांदा पद्धत मोडली.
वैजयंतानं विचारलं नाही.
तिथून तिची खिडकी दिसत होती.

परतीला दोघंच. ऐंशीच्या वर काटा नेला नाही.
एसी लावायचं दोघांनाही सुचलं नाही.
साताऱ्यापर्यंत मागच्या सीटवर
टेबलफॅनचा विसरलेला स्क्रू घरंगळत होता,
वळणावर इकडं, वळणावर तिकडं.
सोळा तीन.

"किती देत्या?"
"सोळा तीन."
"मग भारीच की!" सदलगेनं चहा सांगितला.
मी वेस्टनं हात पुसत राहिलो.
गणित सरळ आहे. वजन कमी, ॲव्हरेज जास्त.

काल वही उघडली तर माझ्या नोंदीखाली दोनच ओळी कोऱ्या.
त्यापलीकडं तिचं पान,
क्ष बरोबर, आणि पुढं काही नाही,
खाली पेन्सिलीनं:
बाबा झोपलेत, उद्या विचारणे.

विचारलं होतं का, आठवत नाही.

इलाहीला सांगितलंय,
या वेळची पावती दे, नीट फाड.
नवी वही घेईपर्यंत
ती सनव्हायजरला खोचून ठेवीन.
त्या दोन ओळी राहू देत.