सतरावा कार्बन

ताळगावच्या पठारावरची ही खोली उद्या रिकामी करून द्यायची आहे.
फ्रीजरमध्ये हात घातला की आधी बर्फ लागतो,
मग वर्षं.

अठ्ठ्याऐंशी सालची कुपी. लेबल शाणूच्या तिरक्या अक्षरात:
स्पंज, पिवळा, ग्रांडे बेटाजवळ, सहा वाव.
कायतान बुडी मारून तो वर आणायचा,
होडीच्या काठाला लटकून नाकातलं पाणी शिंकरायचा, विचारायचा,
"दोतोर, ह्याचें वखद जातलें?"
"जातलें मरे," मी म्हणायचे.
तेव्हा मला सगळंच होईल असं वाटायचं.

अकरा किलो स्पंज, मिथेनॉलात बुडवलेली पिंपं.
नळाचा दाब पडला की पाणी उलटं ओढलं जायचं
आणि आठवड्याचा अर्क एका घोटात पातळ.
आई म्हणायची, तुझ्या साड्यांना पिकल्या केळ्यांचा वास येतो.

वडील वाळपईला काजूची भट्टी लावत.
ग्लासात धार पडली की बुडबुडे पाहून सांगत,
ही उर्राक, ही फेणी.
एकदा त्यांना माझा कॉलम दाखवला होता,
काचेच्या नळीत पांढरी सिलिका, आणि तिच्यातून
एक लिंबोणी पट्टा इतक्या सावकाश उतरत होता
की त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.
"बाय, हे लोक पितील कधी?"

शेवटी हाती आले सहा मिलिग्रॅम.
काट्याजवळ मी श्वास रोखून धरायचे.
रुमालात गुंडाळून कुपी रात्रीच्या कदंबने पुण्याला नेली,
आंबोलीच्या वळणांवर दोन्ही हातांत धरून.

तिथल्या आलेखांवरून रेणूचा सांगाडा काढला.
एकवीस कार्बन, दोन नायट्रोजन,
आणि सतराव्यावर एक हायड्रॉक्सिल, कागदाच्या वर,
जाड पाचर काढून.
ते कागदाच्या खालीही असू शकेल
हे मला दिसलं नव्हतं का?
दिसलं होतं.
मार्च संपत होता. अनुदान संपत होतं.

ताटलीत मलेरियाचे जंतू मेले.
मग तेवीस उंदरांची यकृतं गेली.
औषध तिथेच संपलं,
माझी बढती तिथून सुरू झाली.

पंधरा वर्षांनी लोटलीची जोविता आली,
जेवण विसरणारी, भांडी दोनदा धुणारी.
एकतीस पायऱ्यांत तिनं तोच रेणू बांधून काढला,
मी काढला होता अगदी तसा.
एका संध्याकाळी तिनं दोन आलेख एकावर एक ठेवून
खिडकीच्या काचेवर धरले.
बाहेर झुआरीवर बार्जेस निघाल्या होत्या.
एक शिखर केसभर सरकलेलं.
ती काही बोलली नाही.
मीच म्हटलं, "पाचर उलटी आहे."
"होय, मॅडम."

म्हणजे तिनं बांधला तो रेणू समुद्रात कधी नव्हताच.
माझी चूक हेच त्याचं एकमेव गाव.
आम्ही तोही उंदरांना दिला.
यकृतं ठणठणीत.
मलेरियाही ठणठणीत.

दुरुस्ती छापली. दीड पान, पहिलं नाव तिचं.
माझे सत्तर निबंध कोणी वाचले मला ठाऊक नाही,
हे दीड पान मी अजून काढून वाचते,
आणि दर वेळी त्या ओळीशी थांबते
जिथं तिनं "पूर्वीच्या संशोधकांनी" असं लिहिलंय,
माझं नाव न घेता, मला शेजारी बसवून.

कायतान आता मालीमच्या धक्क्यावर जाळी शिवतो,
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांना सगळं दिसतं.
गेल्या रविवारी बांगडे घ्यायला गेले तर
आवाजावरून ओळखलं त्यानं.
"दोतोर, जालें वखद?"
"ना रे."
त्यानं दातांनी दोरा तोडला, जीभ टोचली असावी, थुंकला,
मग हसला.
"ना जाल्यार म्हजो स्पंज परत दी."

बाकीच्या कुपऱ्या त्या निळ्या पिंपात गेल्या, यादीवर टिक करून.
ही एवढी पर्समध्ये आहे.