गीझर बंद ठेवायचे दिवस

जून लागला की अजमानात आम्ही गीझर बंद ठेवतो.
गच्चीवरची टाकी इतकी तापते
की थंडाच्या नळाला हात लावावा तर चटका,
आणि गरमाच्या नळातून येतं
गीझरच्या पोटात सावलीला राहिलेलं,
अंगाला सोसवेल असं पाणी.
नव्या भाडेकरूला हे समजावून द्यावं लागतं.
ऊर्वीला कधीच द्यावं लागलं नाही.

या जूनमध्ये टेबलावर दोन पत्रं.

एक स्कॉटलंडहून, शेकडो वर्षांची मोहोर असलेलं.
पत्र कसलं, मेलच तो; मीच ऑफिसात
रंगीत प्रिंट काढली, कुरियनची नजर चुकवून.
दुसरं राउंडअबाउटपलीकडचं.
खाली बेकरी, वर टायपिंग सेंटर, त्याला लागून कॉलेज.
आमच्या स्वयंपाकघरातून त्याचं पार्किंग दिसतं.
वैजू म्हणाली, डबा गरम पोचेल.
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मी स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं
ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मोजून आत घेतो,
मोजून बाहेर देतो. मोजणं मला येतं.
तिथली फी, राहणं, थंडीचा कोट:
एका वर्षात माझी सगळी ग्रॅच्युइटी,
दुसऱ्यात देवरुखची जागा.
आणि वर्षं चार.

कुरियनला विचारलं, अर्धी आधी मिळेल?
तो म्हणाला, भिंगार्डे, ती नोकरी सोडल्यावर मिळते.
नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की घर.
मग पोरगी सुट्टीला येणार कुठे?
आणि त्याने मला करक चहा पाजला, स्वतःच्या पैशांनी,
जे तो कधी करत नाही.

फॉर्मवर विचारलं होतं, कायमचा पत्ता.
मी देवरुख लिहिलं.
ऊर्वीने बोटांवर मोजलं: जन्मापासून तिथे
सगळे मिळून अकरा आठवडे.
म्हणाली, बाबा, मी इथून गेले
तर परत इथे यायला मला कोणाचा तरी शिक्का लागेल.
ते तर आत्ताही लागतं, मी म्हणालो.
ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

तिला तिवरांचं शिकायचंय. खाडीकडे नेऊन
तिने मला चिखलातली भोकं दाखवली,
प्रत्येक खेकड्याचं लॅटिन नाव सांगितलं.
तिवर हा शब्द मात्र तिला माझ्याकडून मिळालेला,
मी तिला दिलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट
जी तिला पुढे उपयोगी पडली असती.
पलीकडच्या कॉलेजात तिवरं नाहीत.
औद्योगिक सुरक्षा आहे. नोकरी लागते म्हणे.

मुदत रविवारी रात्री; त्यांचे बारा, आमचे तीन.
दोनच्या सुमाराला फ्रिज उघडा ठेवून,
बाटली तोंडाला लावण्याआधी ती म्हणाली,
मी इथलंच घेते.
कारणं सांगितली, पाठ केल्यासारखी, ओळीने.
पुढे मास्टर्सला बघू, हे शेवटचं.
मी म्हणालो, नीट विचार कर.
म्हणायचं असतं ते.

वर्षअखेरीला साठा मोजावा
आणि बेरीज पहिल्या फेरीतच जुळावी,
तसं वाटलं मला.
तीन वाजायची वाटही बघितली नाही.
गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांनी.
हे वैजूला सांगितलेलं नाही.

सकाळी फीचा पहिला चेक लिहिला. एकूण तीन आहेत.
स्कॉटलंडची प्रिंट फाडवेना, म्हणून
स्टोअरच्या जुन्या रजिस्टरात ठेवायला घेतली.

न्हाणीघरात ऊर्वी तोंड धूत होती.
तिने निळा नळ सोडला. पुरता.
आई गं, म्हणाली,
हात झटकला,
आणि लाल नळाकडे वळली.