शिंगांची नोंद

पालच्या जाळीत सांबराचं पोर.
पहिल्या वर्षी कपाळावर नुसती दोन टेंगळं,
कुणी बुक्क्या मारल्यासारखी.
सायबू तडवी म्हणतो, हात लाव,
गरम लागतील.

दुसऱ्या वर्षी दोन सरळ काड्या,
वर लव, लवेखाली रक्त.
तेव्हा अंजनाच्या झुडपालाही
तो लांबून वळसा घालतो.

आश्विनात मात्र तेच अंजन लागतं घासायला.
साल सोलते, लव लोंबते;
स्वतःचीच चिंधी चघळत उभा.

तिसऱ्याला फाटा. चौथ्याला सहा टोकं.

आणि चैत्रात पाणवठ्यापाशी
एक इथं, एक तिथं
गळून.

सायबू वहीत लिहितो:
अडीच किलो, साळिंदरानं कुरतडलेलं.
मालकाच्या रकान्यात रेघ.

पलीकडे तो, बोडका,
सावलीला बिचकतो.
टेंगळं पुन्हा गरम.