दोर दिसत नाहीत

कांद्याची मुळं सकाळी साडेसहाला कापायची,
बावीस वर्षं हेच सांगत आलेय.
उशीर केला की पेशी विभागणी उरकून
आपापल्या कामाला लागलेल्या असतात.
आचऱ्याच्या बाजारातला कांदा, बाटलीच्या तोंडावर बसवलेला,
पाण्यात पांढरी दाढी सोडून.

गरम आम्ल, लाल रंग, काच, काचेवर काच
आणि अंगठा. सगळं कौशल्य अंगठ्यात.
जोर जास्त तर चटणी, कमी तर नुसता ढीग.

सुलक्षा गिरकर डोळा लावून बराच वेळ गप्प.
"मॅडम, गुणसूत्रां दिसतत. मदोमद रांगेत उबी.
दोर खंय दिसनत नाय."

नाहीच दिसत. हा रंग त्यांना चढत नाही.
पुस्तक तुर्कतंतू म्हणतं,
पोरं विचारतात, तुर्कस्तानातून आले काय?
चाती म्हणावं, तर सूत कातताना
यांनी कुणाला पाहिलेलं नाही. मीही नाही.
म्हणून फळा सोडून सगळ्यांना खिडकीशी नेते.

सड्याखाली, किनाऱ्यावर, रापण लागलीय.
इतक्या उंचावरून दोर दिसत नाही,
दोन टोळ्या दिसतात, मागे कललेली माणसं,
वाळूत रुतलेल्या टाचा,
आणि मधलं पाणी आपसूक जवळ आल्यासारखं.
दोर दिसत नाहीत. ओढ दिसते.

पण रापण सोपी, तिथे दोर आधीच वळलेला असतो.
पेशीत दोर नसतोच मुळी.
असतात सुटे दाणे, तरंगणारे,
जोडीजोडीने एकमेकांना धरून
तेरा पदर गोल उभे करतात, मध्ये पोकळ नळी.
ती वाढते, वाढते, अंधारात चाचपते,
हाती काही लागलं नाही तर टोकाकडून उसवते
आणि दाणे पुन्हा पाण्यात.
पुन्हा नळी. पुन्हा वेगळ्या दिशेने.
किती फेकी वाया गेल्या, कोण मोजतंय.
प्राण्यांच्या पेशीत दोन टोकांना दोन तांडेल तरी असतात,
कांद्याकडे तेही नाहीत.
नळ्याच एकमेकींना ढकलत, बांधून घेत
ठरवतात, उत्तर कुठली आणि दक्षिण कुठली.

"आणि एकादा सुटा रवला तर?"
तर सगळे थांबतात.
छत्तीस तासांची घाई असो नाहीतर छत्तीस मिनिटांची,
त्या एकासाठी थांबतात.
"रापणीत पन तसाच," ती म्हणाली.
"शेवटचो गडी दोराक हात लावीसर
बाबा कोणाक ओढूक देनत नाय."

भाद्रपदात कळलावी तिनेच आणली.
फुलं माटवीला गेली होती, कंद उरला होता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
नांगराच्या फाळासारखा, दुबेळका.
तिची मावशी सगुणा गावची सुईण.
बाई अडली की कंद ठेचून तळपायांना लावायची,
कळा येईपर्यंत.
मूल दिसलं की लगेच धुऊन टाकायचा,
नाहीतर म्हणे मागोमाग आतडीही येतात.

त्याच्या पाण्यात आम्ही मुळं ठेवली, रात्रभर.
सकाळी रांग नव्हती.
गुणसूत्रं दुणावलेली, फुल्यांसारखी विखुरलेली,
सगळी एकाच घरात.
रापणीला माणसं जमावीत आणि दोरच नसावा, तशी.
कंदाचं विष दाण्यांना बिलगून बसतं,
दाण्याला दाणा जोडू देत नाही.
कळा लावते म्हणून जिचं नाव कळलावी,
तिने पेशीला अडवून धरलं होतं.

हात धू, म्हटलं, साबणाने, दोनदा.
ती धुता धुता विचारत होती,
मावशीला हे सांगितलं असतं तर?
काय बोलणार. मावशीने दोर कुठे पाहिले होते,
आणि मी तरी कुठे.

तिच्या अंगठ्यावरचा लाल रंग काही गेला नाही.
खाली रापण वाळूला टेकली.
तारली थोडी, जेलीफिशच फार.
वाटे घालायला बसले होते,
आज कोण आलं नाही, ते आधी मोजून.