फॉर्म दहा-ई

तोडणकरबाई जिन्याखालच्या माझ्या टेबलाशी बसल्या
तेव्हा मी पंखा उगाच त्यांच्याकडे वळवला.
मांडीवर औषधाच्या दुकानातली पिशवी, तिच्यात निकालपत्र,
वांद्र्याच्या कामगार न्यायालयाचा गोल शिक्का
घडीवर येऊन फाटत चाललेला.

सोळा वर्षं.
कामावरून काढणं बेकायदा, असं कोर्ट म्हणालं,
मागील वेतन निम्मं.
ते कंपनीनं एका धनादेशात दिलं, एकाच मार्चमध्ये,
आणि त्यातून अठ्ठ्याण्णव हजार दोनशे ऐंशी
कापून भरले सरकारात.

"एक कायदा देतो, दुसरा दारातच उभा.
हे दोघं आपसात बोलत नाहीत का हो?"

बोलतात, म्हटलं. पण फॉर्ममधून.
कलम एकोणनव्वद.
उशिरा आलेला पैसा
ज्याच्या त्याच्या वर्षाला नेऊन पोचवायचा
आणि तेव्हाचा कर तेव्हाच्या दरानं मोजायचा.
म्हणजे सोळा वर्षं एकेक करून उघडावी लागतील.

सहा-सात?
"भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलली. बोटं बर्फात."
त्या वर्षी इतर उत्पन्न?
"चार रुपये किलो. धरायचं का ते?"
मी शून्य टाकलं.

आठ-नऊ.
"थोरल्याची बारावी राहिली."
त्याला रकाना नाही, बाई.
त्या हसल्या. मी नाही हसलो.

बारा-तेराला त्या थांबल्या.
ह्यांना केईएमला ठेवलं होतं, म्हणाल्या, पावसाळाभर.
मग स्क्रीनकडे वाकून,
"ह्याही वर्षाला तेवढेच? साठ हजार?"
तेवढेच.
"फार मोठं होतं हो ते वर्ष."

मी भराभर पुढची वर्षं भरत गेलो.

सांगायला हवं होतं.
भांडुपच्या त्याच कारखान्यात मी टाइमकीपर होतो.
टोकन चारशे अठरासमोर 'सेवा समाप्त'
लाल शाईनं मी लिहिलं, माझ्या बऱ्या अक्षरात.
उलटतपासणीत वकिलानं सात प्रश्न विचारले,
सातही वेळा मी म्हणालो, "मस्टरप्रमाणे."
समोरच्या बाकावर एक बाई
मांडीवर पिशवी घेऊन ऐकत होती.
मुंबईत रिटर्न भरणारे काय कमी आहेत?
त्या माझ्याकडेच का आल्या, मी विचारलं नाही.

सगळ्या वर्षांचा कर मिळून शून्य.
कापलेलं सगळं परत मिळेल, म्हटलं,
खात्याला वेळ लागेल, पण मिळेल.
त्यांनी पाचशेची नोट काढली.
राहू दे, बाई.
"घ्या. आणि पावती द्या.
कागद नसला की काहीच झालेलं नसतं,
एवढं शिकले मी तिथं."

पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला.
श्रीमती सुनीता तोडणकर यांजकडून,
रुपये पाचशे फक्त.
चष्मा लावून त्यांनी वाचलं,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"सुनीती. ता नाही, ती.
तुमच्या मस्टरातही हेच चुकलं होतं."

लाल पेन हाताशीच होतं.
मी खणात निळं शोधत बसलो, बराच वेळ.
खोडावं लागलं नाही काही,
होता तो काना तसाच ठेवून
वर फक्त वेलांटी काढली.