होंकारो

पाहुणा सेगूचा, नायजर नदीच्या काठचा.
सिनेमे करतो. नाव तिएमोको सूमानो.
त्याचं फ्रेंच मी मराठीत आणायचं, जमेल तसं गुजरातीत,
रोजचे आठशे रुपये, वर जेवण.

पहिल्याच सकाळी मांडवीजवळच्या पोळात गेलो,
नर्मदाशंकरभाईंकडे. माणभट्ट. वय ब्याऐंशी.
बोटांत आठ अंगठ्या, पुढ्यात तांब्याची माण,
आणि राजाने राणीला रानात सोडलं तिथपासून सुरुवात.

तिएमोकोने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही.
आमच्यातही कथा घराण्यात येते, म्हणाला,
सोनाराकडे मूस यावी तशी.
माझ्या बापाने तंतुवाद्य सोडून टॅक्सी घेतली,
मी टॅक्सी विकून कॅमेरा.
मग इकडेतिकडे बघत विचारलं,
ह्यांचा नामू कुठे बसतो?

नामू म्हणजे?

म्हणजे जो शेजारी असतो,
आणि दर वाक्यामागे म्हणतो, नामू.
ऐकलं. बरोबर. पुढे.
तो आल्याशिवाय आमच्यात कुणी तोंड उघडत नाही.

मी 'होय' म्हणून पाहिलं, 'जी' म्हणून पाहिलं.
दोन्ही सरकारी कचेरीतली वाटली.
शेवटी भाईच म्हणाले, होंकारो, बेन, होंकारो.
माझा भाऊ द्यायचा. गेला, बे वरस थयां.
तेव्हापासून थाप जरा जोरात मारतो.

संध्याकाळी रावपुऱ्यात त्याचा सिनेमा.
सत्तरेक माणसं, निम्मी फाइन आर्ट्सची मुलं,
हातांना अजून सेव-उसळीचा वास.
सबटायटलची फाईल काही केल्या उघडेना.
पडद्यावर नावेत बसलेली एक बाई
बांबारात काहीतरी सांगत राहिली, पुष्कळ वेळ.
तिएमोको उठला. आवाज बंद करायला लावला.
पडद्याच्या कडेला उभा राहून स्वतःच सांगू लागला,
त्याच्यामागून मी.
नदीने हिचा नवरा नेला, म्हणालो.
ही रोज नदीला एक गोष्ट सांगते, म्हणालो.

आणि तो थांबला. मुद्दाम.

सभागृह चिडीचूप. मुलं शिस्तीची,
सिनेमा तोंड मिटून बघायचा, हे आम्हीच शिकवलेलं.
घरी दिवसभर मला 'हं' ऐकू येतं, मोबाईलच्या मागून,
त्याचा अर्थ, नंतर बोल.
माझ्याही घशातून काही निघेना.

वरून, उजेड येतो त्या चौकोनी भोकातून,
आलं: हं.

ऑपरेटर इस्माईलमियां.
बाई वल्हं उचलते. हं.
नदी म्हणते, ही गोष्ट जुनी आहे, नवी सांग. हं, मग?
मग तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी. मग दोघं-तिघं.
एकाचं हं चुकीच्या जागी पडलं, सगळे हसले,
बाई तिकडे रडत होती तरी.

जिन्यात तिएमोकोने इस्माईलमियांचे दोन्ही हात धरले.
पुढच्या सिनेमात तुमचं नाव घालतो, म्हणाला.
मियां लाजले. अहो, सवय आहे.
एकोणतीस वर्षं त्या खोलीत एकटाच असतो,
कुणी इतकं बोलतंय म्हटल्यावर
गप्प कसं बसायचं?

तो गेला. मला मानधनाचा चेक अजून आलेला नाही.

परवा उगाच मांडवीला गेले. भाईंनी काही विचारलं नाही,
एकेक अंगठी चढवली, राणीला रानात आणलं,
माझ्याकडे बघितलं.

मी जरा उशिराच म्हणाले.
पुढची थाप हलकी पडली.