पानं मिटतात का बघ

सिद्राम,
सोमवारी माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.
पंधरा दिवस धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही म्हणाले.
तेव्हा विडी घरकुलातली चिंच तुझ्याकडं.

टँकर सहाच्या आत लाव.
उशीर केलास तर पाणी मुळाला नाही, उन्हाला पाजशील.
पाइप सोडून चहाला जाऊ नकोस बे.
बोटाएवढी धार, दीड तास,
आळ्याच्या कडेकडेनं फिरवत.
बुंध्याशी ओतू नकोस, तिथं तिची तोंडं नाहीत.
तोंडं आपणच तोडली, अक्कलकोट रोडला, रस्ता रुंद होताना.
करवत माझ्या हातात होती.
चौदा मुळांपर्यंत मोजलं,
मग मोजायचं सोडलं.

रोज काठी खुपसून बघ.
चिखल लागून आला तर त्या दिवशी पाणी नाही.
वर करपतंय म्हणून खाली ओतत बसायचं नाही.
तहानलेल्याची आणि बुडणाऱ्याची पानं
सारखीच गळतात.
हे मला आधीच्या लिंबानं शिकवलं.
तो गेला.

खोडाला गुंडाळल्यात त्या चादरी
दासरींच्या कारखान्यातल्या, फॉल्टी माल,
मोर अर्ध्यावरच तुटलेला.
दुपारी भिजव. त्रेचाळीसच्या वर गेलं तर दोनदा.
तिकडं दक्षिणेला तिला गोदामाची भिंत होती,
असलं ऊन त्या सालीला ठाऊकच नाही.

तारा चार आहेत.
साल कापू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबा घातल्यात.
ट्यूबा मौलालीनं दिल्या, पंक्चरवाल्यानं.
त्याच्या पाटीचे खिळे अजून तिच्यात आहेत,
काढायला जाऊ नकोस, साल त्यांच्यावरून आलीय.
शुक्रवारी तो येतो. सायकल स्टँडवर लावतो,
बघतो,
जातो.
तारा फार ताणू नकोस.
वाऱ्यानं थोडी हलू दे तिला.
हलल्याशिवाय मूळ कशाला काय धरतंय?

हत्तुरे सर युरियाची पिशवी घेऊन येतील.
हात जोड.
म्हण, आयसीयूत कुणी बासुंदी नेतं का सर?

आणि नरसम्मा.
पहिल्या आठवड्यात घागर घेऊन टँकरला आडवी आली,
झाडाला रोज, आणि आमचा नळ पाचव्या दिवशी?
मला उत्तर आलं नाही.
दोन घागरी भरून दिल्या,
रजिस्टरात लिहिल्या नाहीत. तूही लिहू नकोस.
आता ती विड्यांची कात्रण आणून टाकते आळ्यात,
तेंदूची पानं, वीतभर थर.
खाली हात घालून बघ एकदा भर दुपारी,
माठाच्या पोटासारखी गार माती.
फक्त कात्रण बुंध्याला टेकू देऊ नकोस, कुजतं.
त्या बायका सूप घेऊन तिथंच बसतात हल्ली,
खोडाच्या सावलीत, काठीएवढ्या,
सावली सरकली की त्याही सरकतात.

साहेब फोटोला आले की विचारतील, जगली का?
तीन पावसाळे विचारू नका म्हण.
नाहीतर काही म्हणू नकोस.
तुला अजून पर्मनंट व्हायचंय.

शेवटचं.
पश्चिमेच्या फांदीवर दोन फुटवे आलेत.
आले म्हणतो, पण मला दिसत नाहीत,
वर्षभर सगळंच मला दुधातून दिसतंय.
मी शिडी लावतो आणि बोटानं बघतो.
चिंचेची पानं दिवेलागणीला मिटतात, जोडी जोडीनं.
दिवसा बोटाला पिसासारखी लागतात,
सांजेला सुतासारखी.
बारा वर्षं मागावर होतो मी,
सूत मला डोळे मिटून कळतं.

मंगळवारपासून तू चढ.
चौथ्या पायरीला तडा आहे, कडेला पाय ठेव.
फोन बायको उचलेल, तिला एवढंच सांग,
मिटली.

नाही मिटली
तर रात्री नको.
काठी घाल, ओल बघ,
सकाळी ये.